डेस्कटॉपचं हायबरनेशन: बिघाड नेमका कुठे शोधायचा?

डेस्कटॉपवरचं हायबरनेशन ज्यांच्या सर्वांत जास्त उपयोगाचं, बहुतेकदा त्यांनीच ते वैतागून बंद केलेलं असतं. डीटीपी करणारे, हिशेब ठेवणारे, भाषांतर करणारे यांच्या पडद्यावर एका वेळी पाचदहा फायली उघड्या असतात, आणि गावाकडे किंवा छोट्या शहरात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉपला निदान बॅटरी असते, डेस्कटॉपला तीही नाही. उघडं काम जसंच्या तसं डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद करायचं आणि परत आल्यावर त्याच ओळीपासून पुढे जायचं, ही सोय खरं तर अशाच माणसांसाठी आहे. पण एकदा पडदा काळा राहिला, एकदा काम गेलं, की विश्वास उडतो. दुरुस्तीला नेलं तर ‘फॉरमॅट मारू’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. विंडोज नव्यानं टाकली जाते, थोडे दिवस बरे जातात आणि दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

याचं कारण, ‘हायबरनेट होत नाही’ या एका वाक्यात किमान पाच वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पर्यायच दिसत नाही; पर्याय आहे पण यंत्र बंद होत नाही; बंद होतं पण आपोआप चालू होतं; चालू केल्यावर जुनं काम परत येत नाही; काम येतं पण आवाज, नेट किंवा पडदा येत नाही. प्रत्येकाचं मूळ वेगळं आणि उपायही वेगळा. बिघाड कोणत्या पायरीवर होतो हे ठरवल्याशिवाय केलेला कोणताही उपाय म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पायरी ओळखण्याची साधनं विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासूनच आहेत. ती वापरली जात नाहीत, हीच अडचण आहे.

आतमध्ये काय घडतं

संगणकाच्या विजेचा कारभार सुरुवातीला मदरबोर्डवरचं बायोस सांभाळायचं. १९९६च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक जाहीर केलं आणि हा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आला. या मानकात झोपेचे टप्पे ठरलेले आहेत. एस३ म्हणजे साधी स्लीप: सगळं काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला वीज मिळत राहते. एस४ म्हणजे हायबरनेशन: रॅममधला मजकूर डिस्कवर जातो आणि वीज तोडली तरी चालते. एस५ म्हणजे बंद.

विंडोज २०००पासून हायबरनेशन विंडोज स्वतः करू लागली. त्यात आधी चालू प्रोग्राम थांबवले जातात. मग प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला ‘आता आवरतं घे’ असा निरोप जातो आणि त्याच्या होकाराची वाट पाहिली जाते. मेमरीतला मजकूर दाबून लहान केला जातो आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या ‘हायबरफिल’ नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये लिहिला जातो. मग यंत्र बंद. चालू करताना हाच प्रवास उलटा: बायोसची तपासणी, फाइल सापडली का याची खातरजमा, मजकूर परत मेमरीत, आणि शेवटी सगळ्या ड्रायव्हरांना जाग.

या साखळीत बायोस, विंडोज, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबीला लावलेली उपकरणं, रॅम, डिस्क आणि वीजपुरवठा इतके भागीदार आहेत. एकानं पाठ फिरवली तरी सगळा प्रयोग फसतो, आणि खापर मात्र नेहमी विंडोजवर फुटतं.

पर्यायच दिसत नसेल तर

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि सर्वांत सोपी हीच आहे. विंडोज ८पासून पॉवरच्या मेनूत हायबरनेट मुळातच लपवलेलं असतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन, आधी ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ दाबलं की हायबरनेटची चौकट टिक करता येते.

चौकटच नसेल तर संगणकाला विचारायचं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. ‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही तीन अक्षरं टाइप करा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए. ‘पॉवरसीएफजी /ए’ ही ती आज्ञा. काळ्या खिडकीत दोन याद्या येतात. वरच्या यादीत या यंत्रावर झोपेचे कोणते प्रकार चालतात ते, आणि खालच्या यादीत कोणते चालत नाहीत ते. महत्त्वाची आहे ती खालची यादी, कारण प्रत्येक प्रकाराखाली तो का चालत नाही याचं कारण एका ओळीत लिहिलेलं असतं. हायबरनेशन चालू केलेलं नाही, फर्मवेअरचा पाठिंबा नाही, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरनं अडवलंय: अशी ती कारणं असतात. ज्या प्रश्नासाठी लोक यंत्र उचलून दुकानात नेतात त्याचं उत्तर बऱ्याचदा या एका ओळीत मिळतं.

कारण ‘चालू केलेलं नाही’ असं असेल तर ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’ एवढं पुरतं. सी ड्राइव्ह भरला म्हणून जागा मोकळी करताना कुणीतरी ‘/एच ऑफ’ केलेलं असतं, असं पुष्कळदा निघतं. व्हिस्टाच्या डिस्क क्लीनअपमध्ये तर ही फाइल साफ करण्याचा पर्याय इतर कचऱ्याच्या यादीतच होता. टिक केली की हायबरनेशन गेलंच.

फाइलचा आकार हाही एक सापळा आहे. एक्सपीमध्ये ती रॅमएवढी असायची, विंडोज ७मध्ये रॅमच्या ७५ टक्के, विंडोज १०मध्ये साधारण ४० टक्के. म्हणजे १६ जीबी रॅमला जवळपास साडेसहा जीबी. जागा वाचवण्यासाठी ‘रिड्यूस्ड’ प्रकार निवडला तर ती २० टक्क्यांवर येते, पण मग ती फक्त फास्ट स्टार्टअपपुरती (ते काय, ते पुढे येईलच) उरते आणि हायबरनेट मेनूतून नाहीसं होतं. ‘पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल’ दिलं की ते परत येतं.

कारण ग्राफिक्सकडे बोट दाखवत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहा. तिथे कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसलं, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो बसवला की काम होतं. नव्यानं विंडोज टाकलेल्या यंत्रांत हे हमखास सापडतं. ‘फॉरमॅट मारल्यावर’ हायबरनेशन गेलं, ते यामुळेच.

आज्ञा दिली, पण यंत्र बंद होत नाही

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आपण हायबरनेट दाबलं आणि ते अडकलं, ही एक. ठरावीक वेळानंतर आपोआप व्हायला हवं होतं ते झालंच नाही, ही दुसरी.

आपोआप होत नसेल तर कुणीतरी संगणकाला जागं ठेवतंय. ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ ही आज्ञा त्याचं नावच सांगते: गाणं वाजवणारा प्रोग्राम, ब्राउझरमधला व्हिडिओ, नेटवर्कवरून कुणीतरी उघडलेली या यंत्रावरची फाइल. कार्यालयात एकाच डेस्कटॉपवरची सामायिक फाइल चारजण उघडून बसलेले असतात, तिथे हे शेवटचं कारण वरचेवर दिसतं.

हायबरनेट दाबल्यावर पडदा काळा झाला पण पंखे फिरतच राहिले, तर बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर निरोपाला उत्तर देत नाहीये. विंडोज काही मिनिटं वाट पाहते आणि मग ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असं लिहिलेला निळा पडदा दाखवते. अशा वेळी यूएसबीला लावलेलं सगळं काढा. प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, जुना डोंगल, सगळंच. फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवून पुन्हा करून पाहा. जमलं, तर एकेक उपकरण परत लावत जा. दोषी सापडतो. काढण्यासारखं काहीच नसेल तर क्रम ग्राफिक्स, नेटवर्क, मग चिपसेट असा धरावा, आणि ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं सांगणाऱ्या प्रोग्रामांनी आगीतून फुफाट्यात पडायची वेळ येते.

कधीकधी दोष खरोखरच विंडोजचा असतो. एक्सपीच्या काळात रॅम १ जीबी किंवा जास्त झाली की ‘पुरेशी साधनं नाहीत’ अशा अर्थाचा संदेश येऊन हायबरनेशन थांबायचं. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. तोवर लोक रॅम बदलत बसले होते.

रात्री आपोआप चालू होतो

ज्यांना हा अनुभव येतो त्यांना आधी भीती वाटते, मग व्हायरसची शंका येते. कारण मात्र साधं असतं. डेस्कटॉप ‘बंद’ दिसत असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत त्याचा पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार देत राहतो. त्या विजेवर नेटवर्क कार्ड, घड्याळ आणि काही यूएसबी पोर्ट जागे असतात, आणि त्यांतलं कुणीही यंत्राला उठवू शकतं.

कुणी उठवलं हे ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ सांगते. कोणत्या उपकरणांना उठवण्याची मुभा आहे त्याची यादी ‘/डिव्हाइसक्वेरी’पुढे ‘वेक_आर्म्ड’ लिहून मिळते. नेटवर्क कार्ड यादीत असेल तर त्याच्या गुणधर्मांत जाऊन उठवण्याची मुभा काढून घ्यावी. दुरून चालू करण्याची सोय हवीच असेल तर फक्त ‘मॅजिक पॅकेट’लाच दाद द्यायची असा पर्याय निवडावा. ‘/वेकटायमर्स’ दिल्यावर कोणतं ठरवलेलं काम गजर लावून बसलंय ते दिसतं. विंडोज ८पासून देखभालीचं स्वयंचलित काम पहाटेच्या वेळेला ठेवलेलं असतं, आणि त्याला यंत्र उठवायची परवानगी असू शकते. पॉवर ऑप्शन्समधल्या प्रगत रकान्यात ‘अलाउ वेक टायमर्स’ बंद केलं की हा त्रास थांबतो.

एक कारण मात्र विंडोजच्या कोणत्याच यादीत येत नाही, आणि आपल्याकडे तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच नावाची एक नोंद असते: वीज जाऊन परत आली तर काय करायचं? तिथे ‘पॉवर ऑन’ असेल तर रात्री वीज जाऊन आल्याबरोबर हायबरनेट केलेला संगणक उठून बसतो. विंडोजचा यात काही संबंध नाही, त्यामुळे विंडोजमध्ये कितीही शोधलं तरी काही हाती लागत नाही. नोंद ‘पॉवर ऑफ’ करा. ती पुन्हा पुन्हा बदलत असेल, घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपलाय. तो स्वस्तात मिळतो आणि मिनिटभरात बदलता येतो.

बऱ्याच मदरबोर्डांवर ‘ईआरपी’ नावाचाही पर्याय असतो. स्टँडबायमधली वीज वाचवण्याच्या युरोपीय नियमांसाठी तो आला. तो चालू केला की बंद अवस्थेत नेटवर्क कार्ड आणि यूएसबीची वीज तुटते आणि यंत्र त्यांच्यामुळे उठत नाही. कीबोर्डनं चालू करण्याची सोय मात्र जाते.

परत येताना काम हरवतं

सर्वांत क्लेशकारक बिघाड हाच. यंत्र चालू होतं, पण नव्यानंच, सगळ्या फायली बंद. इथे आधी एक खातरजमा करावी: ते खरंच हायबरनेट झालं होतं का? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’च्या नोंदी उघडा. ‘कर्नल-बूट’ या स्रोताची २७ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात सुरुवातीचा प्रकार आकड्यात लिहिलेला असतो: शेवटी ० म्हणजे पूर्ण नव्यानं सुरुवात, १ म्हणजे फास्ट स्टार्टअप, २ म्हणजे हायबरनेशनमधून परत. त्याच्या आगेमागे ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद असेल, तर याआधी यंत्र नीट बंदच झालं नव्हतं; मध्येच वीज तुटली किंवा ते गोठलं. हायबरनेट करून गेलो होतो आणि नोंद ० सांगतेय, म्हणजे डिस्कवरची नक्कल अपुरी राहिली किंवा वाचताच आली नाही. या दोन नोंदी वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि तपासाची दिशा त्यातून ठरते.

नक्कल अपुरी राहण्याचं नेहमीचं कारण वीज. भारनियमनाच्या वर्षांत घरोघर यूपीएस आले, पण त्यातले बरेच नुसते खोक्यासारखे लावलेले असतात. यूपीएसला यूएसबी केबल असेल तर ती संगणकाला जोडावी. विंडोजला त्यात बॅटरी दिसू लागते आणि ‘क्रिटिकल बॅटरी’ला हायबरनेट करण्याची सूचना देता येते. लिहायला पुरेसा वेळ हवा, हे विसरू नये. पाच जीबीचा मजकूर सेकंदाला १०० एमबीनं लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर जायला पन्नास सेकंद लागतात; सॅटा एसएसडीवर दहाएक. जुन्या यूपीएसची बॅटरी तीन मिनिटांत मान टाकत असेल, तर सूचनेची टक्केवारी वर घ्यावी.

वीज ठीक असूनही नक्कल वाचता येत नसेल तर डिस्क तपासा, मग रॅम. रोजच्या कामात रॅमचा खराब कोपरा क्वचित वापरला जातो, पण हायबरनेशनमध्ये मेमरीचा मोठा भाग एका दमात लिहिला आणि वाचला जातो, म्हणून तिथे दोष उघडा पडतो. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर चालवा. रॅमचा वेग बायोसमधून वाढवलेला असेल तर तो मूळ आकड्यावर आणून पाहा. आणि हायबरनेट केलेल्या यंत्राची रॅम, डिस्क किंवा बायोसची आवृत्ती कधीही बदलू नये. डिस्कवरची नक्कल जुन्या यंत्राची आहे. नव्याशी ती जुळणार नाही.

दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणाऱ्यांना इथे खास इशारा. विंडोज हायबरनेट करून लिनक्समधून तिच्या डिस्कवर लिहिलं तर फायलींचा घोळ होऊ शकतो. विंडोज ८पासून तर फास्ट स्टार्टअपमुळे साधं ‘शटडाऊन’ही अर्धं हायबरनेशनच असतं: तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो. म्हणूनच ‘बंद करून चालू केला तरी दुखणं जात नाही, रीस्टार्ट केला की जातं’ असा अनुभव येतो. रीस्टार्टमध्ये गाभाही नव्यानं उभा राहतो. पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करावं, आणि बिघाड शोधताना फास्ट स्टार्टअप काही दिवस बंदच ठेवावं.

काम आलं, पण पडदा किंवा नेट नाही

इथे हायबरनेशन यशस्वी झालेलं आहे. एखादं उपकरण तेवढं जागं झालेलं नाही. पडदा काळा असेल तर बटण दाबून यंत्र बंद करण्याची घाई करू नका, काम आत जिवंत असतं. विंडोज १० किंवा ११वर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो आणि बऱ्याचदा पडदा परत येतो. नेट नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड ‘डिसेबल’ करून पुन्हा ‘एनेबल’ करा. तेवढ्यानं जमत असेल तर त्याच्या पॉवर मॅनेजमेंटच्या रकान्यातली, वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची मुभा काढून टाका.

लिनक्सवाल्यांसाठी

लिनक्सवर हायबरनेशनची नक्कल स्वॅपमध्ये जाते, म्हणून स्वॅप रॅमएवढी तरी असावी. ती कुठे आहे हे कर्नलला ‘रिझ्यूम’ या सूचनेनं सांगावं लागतं. स्वॅप फाइल असेल तर ती डिस्कवर कुठून सुरू होते तेही द्यावं लागतं. स्वॅपची जागा नव्यानं फॉरमॅट केली की तिची ओळख बदलते आणि परत येणं थांबतं. स्वॅप फक्त झेडरॅमवर, म्हणजे रॅममध्येच, असेल तर हायबरनेशन शक्यच नाही. सिक्युअर बूट चालू असताना अनेक वितरणांचं कर्नल ते मुद्दाम अडवतं. उबुंटूनं तर १२.०४पासून हा पर्याय मेनूतून काढूनच ठेवला.

पण तपासाच्या बाबतीत लिनक्स एक पाऊल पुढे आहे. त्याच्या कर्नलमध्ये पायरीपायरीनं चाचणी घेण्याची सोय आहे: फक्त प्रोग्राम गोठवून पाहा, मग उपकरणंही, मग बायोसपर्यंत, मग प्रोसेसर, मग गाभा. प्रत्येक चाचणीत यंत्र त्या पायरीपर्यंत जातं, पाच सेकंद थांबतं आणि परत येतं. ज्या पायरीवर परत आलं नाही, बिघाड तिथे. विंडोजमध्ये अशी थेट सोय नाही, पण विचाराची पद्धत तिथेही हीच ठेवता येते.

मग हायबरनेशन ठेवावं का?

एसएसडी झिजते म्हणून ते बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब करून पाहू. दिवसातून दोनदा पाच-पाच जीबी लिहिले तर वर्षाला साडेतीन टेराबाइटच्या आसपास होतात. ५०० जीबीच्या चांगल्या सॅटा एसएसडीला ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी मिळते. डिस्क हायबरनेशनमुळे मरायच्या कितीतरी आधी तो संगणकच कालबाह्य झालेला असेल. सुरक्षेची काळजी मात्र रास्त आहे: त्या फाइलमध्ये मेमरीतला खासगी मजकूर असतो, म्हणून संवेदनशील काम करणाऱ्यांनी डिस्क कूटबद्ध करावी.

ज्यांच्याकडे वीज सहसा जात नाही आणि काम क्लाउडवर साठतं, त्यांना साधी स्लीप पुरेशी आहे. बाकीच्यांनी हायबरनेशन सोडू नये. फक्त दाबण्याआधी फायली सेव्ह कराव्यात, कारण ही सोय सेव्हची जागा घेऊ शकत नाही. बिघडलं तर पायरी ओळखावी, एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहून ठेवावा आणि दोनतीन दिवस वापरून मगच पुढचा बदल करावा. दुरुस्ती करणाऱ्यांकडेही तेवढी अपेक्षा धरायला हवी: ‘फॉरमॅट मारू’ म्हणण्याआधी ‘पॉवरसीएफजी /ए’चं उत्तर आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदी गिऱ्हाइकाला दाखवाव्यात. आणि विंडोज बनवणाऱ्यांनी, जी कारणं त्यांच्या यंत्रणेला आधीच माहीत असतात, ती काळ्या खिडकीत न दडवता मेनूच्या शेजारी, वापरणाऱ्याच्या भाषेत लिहावीत. तोवर हे प्रश्न आपणच संगणकाला विचारायचे आहेत, आणि बहुतेक वेळा तो खरं उत्तर देतो.